वैऱ्यांचा करार : दक्षिण ध्रुवाचा धडा



एकमेकींच्या उरावर बसलेल्या महासत्ता कधी एकत्र काम करतील काय, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे मिळतात. एक उत्तर भाबड्यांचे. ते म्हणतात, विज्ञान वाढले, जग लहान झाले, आता राष्ट्राराष्ट्रांतले वैर आपोआप विरून जाईल. दुसरे उत्तर कट्ट्यावरच्या शहाण्यांचे. ते म्हणतात, बळी तो कान पिळी हाच जगाचा कायदा, करार म्हणजे कागदाचे तुकडे. या दोन्ही उत्तरांत एक सोय आहे. ती देऊन टाकली की माणसाला पुढे काही वाचावे लागत नाही आणि काही करावेही लागत नाही.

मी या प्रश्नाकडे इतिहासाच्या वाटेने जाणार आहे. जसे गावाला गायरान असते, तसे पृथ्वीलाही काही गायरान आहे. खोल समुद्र, त्या समुद्राचा तळ, अंतराळ, आणि दक्षिण ध्रुवाभोवतीचा बर्फाचा खंड, ज्याला अंटार्क्टिका म्हणतात, हे प्रदेश कोणा एकाच्या मालकीचे नसावेत असे जगाने पुष्कळ अंशी मान्य केले आहे. गावच्या गायरानाचे बलदंड माणसे काय करतात ते आपण जाणतो. मग पृथ्वीच्या गायरानाचे काय झाले? त्यांतला अंटार्क्टिकाचा इतिहास मी आज जरा विस्ताराने सांगणार आहे; कारण तेथे कट्टर वैऱ्यांनी करार केला, आणि तो सहा दशकांहून अधिक काळ टिकला. तो का झाला आणि का टिकला, हे समजले तर पुढच्याविषयी काही बोलता येईल.

या खंडाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक. जवळजवळ सगळा बर्फाखाली, आणि तो बर्फ सरासरी दोन किलोमीटरांच्या आसपास जाड. तेथे मूळचा रहिवासी कोणी नाही. म्हणजे जिंकून घ्यायला प्रजा नाही आणि कर द्यायला रयत नाही. तरीसुद्धा १९०८ ते १९४३ या काळात सात देशांनी त्याचे, कणकेचा गोळा कापावा तसे, तुकडे आपापल्या नावावर लावले : ब्रिटन, न्यूझीलंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, चिली आणि अर्जेंटिना. त्यांत ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिना या तिघांचे तुकडे एकमेकांवर चढलेले. हिटलरच्या जर्मनीने तर १९३९ साली विमानांतून स्वस्तिकाच्या खुणा असलेले दांडे बर्फावर टाकून आपलाही हात पुढे केला होता.

हे सारे पोरखेळ वाटेल; पण १९५२ च्या फेब्रुवारीत होप बे नावाच्या जागी ब्रिटिशांची एक तुकडी सामान उतरवीत असता अर्जेंटिनाच्या लोकांनी तिच्या डोक्यांवरून मशीनगन चालवली. ब्रिटनने १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा नेला. अर्जेंटिना आणि चिली यांनी न्यायालयाचा अधिकारच मानला नाही, आणि दावा वहीतून काढून टाकावा लागला. थोडक्यात, कोर्टाचा मार्ग बंद झाला आणि बंदुकीचा उघडा राहिला.

यात दोन मोठे हत्ती शिरले. अमेरिकेने १९४६-४७ च्या हंगामात १३ जहाजे आणि चार हजारांहून अधिक माणसे तेथे पाठवली. १९४८ साली तिने असे सुचवले की आपण आणि सात दावेदार अशा आठांनी मिळून या खंडाचा कारभार पाहावा. सोव्हिएत रशियाला बाहेर ठेवणे हा त्यातला उघड हेतू होता. रशियाने १९५० साली लिहून कळवले की आमच्या बेलिंग्सहाउझेन या खलाशाने १८२० मध्येच हा खंड पाहिला आहे, आम्हांला वगळून केलेली कोणतीही व्यवस्था आम्ही मानणार नाही. अमेरिका आणि रशिया या दोघांनीही स्वतः तुकडा मागितला नाही. पण कोणाचा दावा मान्यही केला नाही, आणि पुढेमागे मागण्याचा हक्क मात्र राखून ठेवला. विळ्या-भोपळ्याचे सख्य म्हणतात ते हेच.

अशा परिस्थितीत वाट कशी निघाली? प्रथम कामातून निघाली, वाटाघाटींतून नव्हे. जगातल्या शास्त्रज्ञांनी १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा काळ आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून ठरवला. हवामान, भूचुंबकत्व, बर्फ, वातावरणाचे वरचे थर यांची मोजमापे सगळ्या पृथ्वीवर एकाच वेळी घ्यायची, अशी ही योजना. ६७ देश त्यात सामील झाले, आणि त्यांतल्या १२ देशांनी अंटार्क्टिकावर तळ उभारले. अमेरिकेने नेमका भौगोलिक ध्रुव गाठून तेथे तळ टाकला. रशियाने मग आणखी आत जाऊन भूचुंबकीय ध्रुवाजवळ डिसेंबर १९५७ मध्ये वोस्तोक हा तळ उघडला. चुरस होतीच. पण हवामानाच्या नोंदी मात्र एका जागी गोळा करायच्या होत्या, आणि ते केंद्र अमेरिकेच्या लिटल अमेरिका या तळावर होते. तेथे व्लादिमीर रास्तोर्गुयेव्ह हा रशियन हवामानतज्ज्ञ जाऊन राहिला. तर रशियाच्या मिर्नी तळावर गॉर्डन कार्टराइट हा अमेरिकन हवामानतज्ज्ञ राहिला. त्याच ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक पृथ्वीभोवती फिरू लागला होता आणि अमेरिकेत घबराट पसरली होती, हे ध्यानात घ्या. हिवाळ्यात तेथून महिनोन् महिने कोणाला बाहेर पडता येत नाही. वादळ आले तर शेजारच्या तळाचा इशारा हाच आधार. ज्याला असा आधार लागतो तो शेजाऱ्याचा पक्ष विचारीत बसत नाही.

वर्ष संपत आले तेव्हा प्रश्न पडला : आता ही सारी माणसे परत फिरणार, की तळांवर तोफा येणार? मे १९५८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी बाकीच्या अकरा देशांना बोलावणे धाडले, आणि या खेपेस त्यात रशिया होता. दहा वर्षांपूर्वी ज्याला वगळायचे होते त्यालाच खुर्ची द्यावी लागली, कारण तो प्रत्यक्ष तेथे जाऊन बसला होता. वॉशिंग्टनमध्ये सव्वा वर्षाच्या काळात सुमारे साठ पूर्वतयारीच्या बैठका बंद दाराआड झाल्या. मग १५ ऑक्टोबर १९५९ रोजी परिषद सुरू झाली आणि १ डिसेंबर १९५९ ला बारा देशांनी करारावर सह्या केल्या. २३ जून १९६१ पासून तो अमलात आला.

या करारात अवघी चौदा कलमे आहेत. पहिले कलम म्हणते की हा खंड केवळ शांततेच्या कामासाठी वापरायचा, लष्करी तळ, सराव, शस्त्रांच्या चाचण्या सगळे बंद. दुसरे-तिसरे कलम संशोधनाचे स्वातंत्र्य आणि माहितीची देवघेव यांचे. पण सगळा डोलारा उभा आहे तो चौथ्या कलमावर. त्याचा आशय असा : या करारावर सही केली म्हणून कोणी आपला दावा सोडला असे होत नाही, दुसऱ्याचा दावा मानला असेही होत नाही, करार चालू असेपर्यंत तेथे जे जे कराल ते कोणाच्याही दाव्याला आधार म्हणून धरता येणार नाही, आणि नवा दावा लावायचा नाही, जुना वाढवायचा नाही.

विद्वान मंडळी या कलमाला कायद्याची कसरत म्हणतात. कामगार चळवळीत वावरलेल्या माणसाला त्यात आपल्या ओळखीचे काही दिसते. आमच्या करारांत एक वाक्य नेहमी येते : उभय पक्षांच्या मूळ हक्कांस बाध न येता. बदली कामगार कायम धरायचा की नाही, हा वाद लवादापुढे वर्षानुवर्षे पडून असतो. मालक म्हणतो, तो मुळी आमचा कामगारच नाही. युनियन म्हणते, तो पहिल्या दिवसापासून कायम आहे. या प्रश्नाचा निकाल लागल्याशिवाय काहीच बोलणार नाही असे दोघांनी धरून ठेवले, तर फाटक उघडणार नाही आणि चूलही पेटणार नाही. म्हणून शहाणे पुढारी काय करतात? तो वाद जसाच्या तसा दोरीवर वाळत ठेवतात, कोणाची माघार झाली असे म्हणू देत नाहीत, आणि पाळी, रजा, सुरक्षितता यांचा करार करून मोकळे होतात. दोघांनाही आपापल्या माणसांपुढे मान ताठ ठेवून जाता येते. ही युक्ती अंटार्क्टिकाच्या बाबतीत प्रथम सुचवली ती चिलीचे कायदेपंडित हुलिओ एस्कुदेरो यांनी, १९४८ साली. दावे काही वर्षे गोठवून ठेवा, असे त्यांचे म्हणणे होते. हत्तींना वाट दाखवणारा हा माणूस एका लहान देशातला होता, हे विसरू नये.

लहानांचे आणखी एक ऋण आहे. अणुस्फोटांवर या खंडात सरसकट बंदी असावी, हा आग्रह परिषदेत अर्जेंटिनाने धरला. अमेरिकेच्या मूळ मसुद्यात तशी बंदी नव्हती. वारा आणि समुद्राचे प्रवाह दक्षिणेकडून आपल्याच किनाऱ्यांवर येणार, ही दक्षिण गोलार्धातल्या देशांची भीती होती, आणि ती रास्त होती. अखेर पाचवे कलम आले : अणुस्फोट नाही, किरणोत्सारी कचरा टाकणे नाही. अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा मॉस्कोचा करार १९६३ साली झाला. त्याच्या चार वर्षे आधी पृथ्वीच्या एका खंडावर ही बंदी मान्य करून दाखवली गेली होती. आपल्या भारतानेही फेब्रुवारी १९५६ मध्ये अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे घ्यावा अशी मागणी केली होती. चिली आणि अर्जेंटिना यांच्या विरोधामुळे ती मागे घ्यावी लागली. १९५८ साली पुन्हा प्रयत्न झाला, तोही फळाला आला नाही. पण खंड शांततेसाठी राखून ठेवावा, हा त्या मागणीतला मुद्दा पुढच्या करारात आला.

आता सातवे कलम. या कलमाने प्रत्येक मुख्य सभासद देशाला आपले निरीक्षक नेमण्याचा आणि कोणाच्याही तळावर, केव्हाही, कोठेही जाऊन पाहण्याचा अधिकार दिला. जहाज, विमान, गोदाम, काहीही बंद ठेवता येणार नाही. शीतयुद्धाच्या ऐन भरात रशियाने अमेरिकन माणसाला आपल्या तळाची झडती घेऊ देण्याचे कबूल केले. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकन निरीक्षक खरोखरच रशियन तळांवर गेले, आणि त्यांना सगळे दाखवण्यात आले.

या कलमाची किंमत कळण्यासाठी त्याच समुद्रातली दुसरी गोष्ट सांगतो. देवमाशांच्या शिकारीला मर्यादा घालणारा आंतरराष्ट्रीय करार २ डिसेंबर १९४६ रोजी झाला. देश पुष्कळसे तेच, समुद्र तोच. पण तेथे निरीक्षक ज्याच्या त्याच्या देशाचा. सोव्हिएत जहाजावर सोव्हिएत निरीक्षक. कुंपणच शेत खाणार, दुसरे काय होणार? सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९३ मध्ये अलेक्सेई याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञानेच खरे आकडे बाहेर काढले. १९४८ पासूनच्या पाव शतकात सोव्हिएत जहाजांनी दक्षिण गोलार्धात कुबडाच्या जातीचे देवमासे अठ्ठेचाळीस हजारांवर मारले होते, आणि कळवले होते अवघे २,७१०. दुसऱ्या देशाचे निरीक्षक जहाजांवर चढू लागले ते १९७२ पासून. तोवर मासेच संपत आले होते.

श्रोतेहो, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. माणसे तीच, सरकारे तीच, नीतिमत्ता तीच. एका ठिकाणी करार पाळला गेला, दुसऱ्या ठिकाणी त्याची वहीच खोटी निघाली. फरक होता तो दुसऱ्याने आत येऊन पाहण्याच्या अधिकाराचा. कारखान्यात सुरक्षा समितीवर मालकाचेच नातलग बसवले तर यंत्रावरचे झाकण कोणी तपासणार नाही, हे कोणत्याही साच्यावरच्या कामगाराला समजते.

करार टिकला, पण त्याच्या परीक्षा झाल्याच. १ सप्टेंबर १९८३ रोजी रशियन लढाऊ विमानाने दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले आणि २६९ माणसे मेली. दोन महासत्तांचे संबंध इतके बिघडले की पुन्हा युद्धाची भाषा सुरू झाली. त्याच सुमारास वोस्तोक तळावर रशियन कामगार आणि तंत्रज्ञ उणे ५० अंशांच्याही खाली उतरणाऱ्या थंडीत दोन किलोमीटरांहून खोल बर्फ भोकीत होते. २१ जुलै १९८३ ला याच तळावर उणे ८९.२ अंश तापमानाची नोंद झाली. त्या बर्फाच्या कांड्या तपासण्यासाठी फ्रान्सचे क्लॉद लोरियस आणि त्यांचे सहकारी १९८४ च्या अखेरीस तेथे पोचले, ते अमेरिकेच्या हर्क्युलीस विमानांतून. रशियन भोक, फ्रेंच प्रयोगशाळा, अमेरिकन विमान. १९८७ साली त्यातून जे निघाले त्याने जगाचे डोळे उघडले. बर्फात कोंडलेल्या जुन्या हवेवरून कळले की गेल्या १,६०,००० वर्षांत हवेतला कर्बवायू आणि पृथ्वीचे तापमान जोडीने चढत-उतरत आले आहेत. आज हवामानबदलाविषयी आपण जे बोलतो त्याचा एक पाया शत्रूंनी मिळून घातला आहे.

दुसरी परीक्षा १९८२ ची. त्या वर्षी २ एप्रिल ते १४ जून या काळात ब्रिटन आणि अर्जेंटिना फॉकलंड बेटांसाठी लढले, शेकडो माणसे मेली. परंतु ६० अंश दक्षिण अक्षांशाच्या पलीकडे, जेथे हा करार लागू आहे, तेथे दोघांचे तळ असूनही लढाई पोचली नाही. आणि त्याच जूनमध्ये वेलिंग्टन येथे अंटार्क्टिकाच्या खनिजांविषयीच्या बैठकीत दोघांचे प्रतिनिधी बसले. याचा अर्थ त्यांनी दावे सोडले होते असा मात्र नाही. अर्जेंटिनाने १९७८ च्या जानेवारीत होप बेच्या आपल्या तळावर एका बाळाचा जन्म घडवून आणला होता. मूळ रहिवासी आमचाच, असे म्हणता यावे म्हणून. ज्या जागी मशीनगन चालली त्या जागी आता पाळणा हलत होता! चौथ्या कलमाने त्या पाळण्याला दाव्याचा आधार होऊ दिले नाही, पण बाळ सुखरूप राहिले. वैर अशा वाटेने वाहू लागले तर कोणाची तक्रार असणार?

तिसरी परीक्षा पैशाची, आणि येथेच घोडे पेंड खाते. जोवर खंड निरुपयोगी होता तोवर निःस्वार्थ राहणे सोपे होते. सत्तरीच्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि बर्फाखालच्या खनिजांवर डोळे गेले. २ जून १९८८ रोजी वेलिंग्टनमध्ये खाणकामाला नियमांनी वाट करून देणारा मसुदा मान्यही झाला. पण १९८९ साली ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी सही करण्यास नकार दिला, पर्यावरणवाद्यांनी देशोदेशी आवाज उठवला, आणि सगळे उलटले. ४ ऑक्टोबर १९९१ ला माद्रिद येथे झालेल्या करारपत्राने खाणकामावर पूर्ण बंदी घातली. १४ जानेवारी १९९८ पासून ती अमलात आहे. ही बंदी २०४८ साली संपते असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. त्या वर्षापासून एखादा मुख्य सभासद फेरविचाराची बैठक मागू शकतो, एवढेच. आणि बंदी उठवायची तर त्या जागी दुसरी बांधील व्यवस्था आणावी लागेल, अशी अट आहे.

हे सारे चांगले सांगितले. आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा करार बारा जणांनी आपसांत केला. त्यांत वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका होती, आणि नुकता स्वतंत्र झालेला आशिया-आफ्रिका दाराबाहेर होता. जो देश तेथे खर्चिक संशोधन करील त्यालाच मत, हा नियम म्हणजे मालमत्ता असेल त्यालाच मताधिकार देण्यासारखा. मलेशियाचे पंतप्रधान महाथीर यांनी १९८२ साली संयुक्त राष्ट्रांत यावर बोट ठेवले, आणि ते चुकीचे नव्हते. भारताने मात्र बाहेर राहून बोलण्यापेक्षा आत जाऊन बसण्याचा मार्ग पत्करला. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. १९८३ च्या ऑगस्टमध्ये भारत करारात सामील झाला आणि सप्टेंबरात त्याला मताचा अधिकारही मिळाला. दक्षिण गंगोत्री, मग १९८९ ला मैत्री, २०१२ ला भारती असे तळ उभे राहिले. आजही या कामाची राष्ट्रीय संस्था गोव्यात वास्को येथे आहे. बाराचे सभासद वाढत वाढत २०२४ अखेर ५८ झाले, त्यांतले २९ मताधिकारी. दार अरुंद आहे, पण ठोठावल्यावर उघडले, हे मान्य करावे लागेल.

या कराराचा कित्ता इतरत्रही गिरवला गेला. २७ जानेवारी १९६७ रोजी सह्यांसाठी खुल्या झालेल्या अंतराळ करारात चंद्र किंवा इतर गोल कोणालाही आपल्या मालकीचे करता येणार नाहीत आणि अवकाशात महासंहारक शस्त्रे ठेवता येणार नाहीत, असे ठरले. १७ जुलै १९७५ ला अमेरिकेचे अपोलो आणि रशियाचे सोयूझ ही याने अंतराळात जोडली गेली. त्या जोडणीची एक गंमत आहे. तोवर एका यानाला खुंटी आणि दुसऱ्याला खोबण, अशी रचना असे. आता खुंटी कोण आणि खोबण कोण? मोठा मानापमानाचा प्रश्न! तेव्हा इंजिनिअरांनी दोन्ही बाजू अगदी सारख्या असतील आणि कोणीही पुढाकार घेऊ शकेल अशी कडी बनवली. राजकारण्यांना जे सुचले नाही ते कारागिरांना सुचले.

समुद्रावरही तसेच झाले. मे १९६७ मध्ये जपानच्या समुद्रात अमेरिकन आणि रशियन युद्धनौका दोन दिवसांत दोनदा एकमेकींना घासल्या. पाच वर्षांनी, २५ मे १९७२ ला, दोन्ही आरमारांनी मॉस्कोत साधा व्यवहारी करार केला : जहाजांवर तोफा रोखून खेळ करायचा नाही, खुणा ठरवायच्या, आणि दरवर्षी बसून तक्रारी मिटवायच्या. त्यात मैत्रीचा एकही शब्द नव्हता, म्हणूनच तो चालला.

आता आजचे बोलू. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली. त्यानंतरही त्याच सप्टेंबरात फ्रँक रुबिओ हे अमेरिकन अंतराळवीर रशियन यानातून, आणि ऑक्टोबरात आना किकिना या रशियन अंतराळवीर अमेरिकन यानातून आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेल्या. कारण त्या स्थानकाची बांधणीच तशी आहे. विजेचा मोठा पुरवठा अमेरिकन बाजूकडून, कक्षेत वर उचलण्याचे काम मुख्यतः रशियन बाजूकडून. एकाने सोडले तर दोघेही पडतील. पण हे स्थानक आता म्हातारे झाले आहे. अमेरिका आणि चीन यांच्यात असे काहीच उभे नाही. अमेरिकेच्या संसदेने २०११ पासून आपल्या अंतराळ संस्थेला चीनशी थेट सहकार्य करण्यास खास परवानगीवाचून मनाई केली, आणि चीनने आपले वेगळे स्थानक बांधले. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ गोठलेले पाणी आहे, आणि दोन्ही गट तिकडेच निघाले आहेत. १९५८ च्या अंटार्क्टिकासारखीच ही स्थिती आहे. फक्त बोलावणे धाडणारा कोणी अजून दिसत नाही.

अंटार्क्टिकाच्या समुद्रातही ताण वाढला आहे. २०१६ साली रशियाने अखेर होकार दिला आणि रॉस समुद्रात साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरांचे संरक्षित क्षेत्र ठरले. त्यानंतर आलेले तसले प्रस्ताव रशिया आणि चीन यांच्या नकारामुळे अडले. देवमासे आणि पेंग्विन ज्यावर जगतात त्या क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या जिवाची पकड एकाच भागात एकवटू नये, असा नियम होता. २०२४ मध्ये एकमत न झाल्याने तो संपला, आणि २०२५ च्या हंगामात ऑगस्टच्या सुरुवातीलाच ६,२०,००० टनांची मर्यादा गाठली जाऊन मासेमारी बंद करावी लागली. समुद्रतळाचे तेच. मानवजातीचा वारसा म्हणून तो राखण्याचा कायदा १९८२ साली झाला, अमेरिका त्यात कधी सामील झाली नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिच्या अध्यक्षांनी आपल्या कायद्याखाली तेथे खाणकामाची वाट मोकळी करण्याचा हुकूम काढला. याउलट, खुल्या समुद्रातील जीवसृष्टीच्या रक्षणाचा करार पुरेशा देशांनी मान्य केल्यामुळे १७ जानेवारी २०२६ पासून अमलात आला आहे. चित्र एकरंगी नाही.

मग संभव किती? इतिहासावरून मला चार कसोट्या दिसतात. ज्या दाव्यांचा निकाल लागत नाही ते मान न घालवता बाजूला ठेवण्याची सोय आहे काय? दुसऱ्याला आत येऊन पाहण्याचा अधिकार आहे काय? एकाचे काम दुसऱ्यावाचून अडते, अशी रोजची गुंतवणूक आहे काय? आणि लूट फायदेशीर होण्यापूर्वीच नियम झाला आहे काय? अंटार्क्टिकाच्या जमिनीवर चारही गोष्टी होत्या. देवमाशांच्या बाबतीत दुसरी आणि चौथी नव्हती. चंद्राच्या बाबतीत पहिलीची अर्धीमुर्धी तरतूद आहे, बाकीच्यांसाठी वेळ अजून आहे, पण फार नाही. क्रिलच्या बाबतीत वेळ निघून चालली आहे.

कोणी विचारील, यात तुमच्या-आमच्या गावाचा काय संबंध? अंटार्क्टिकावर इतका बर्फ आहे की तो सगळा वितळला तर जगाचा समुद्र ५० मीटरांहून अधिक चढेल. त्याला हजारो वर्षे लागतील. पण त्यातला थोडासा भाग गेला तरी कोकणातल्या खाड्या, मुंबईतल्या सखल वस्त्या आणि तेथे राहणारी श्रमाची माणसे यांच्या दारात पाणी येईल. बर्फ किती वितळतो हे मोजणारी माणसे आज त्या तळांवर बसली आहेत, आणि ती मोजमापे सर्वांना खुली आहेत ती या करारामुळे. म्हणून हा खंड शांत राहणे हा आपल्या घरचा प्रश्न आहे.

दुसरे असे की महासत्तांना शहाणपण येण्याची वाट पाहत बसणे हे आपले काम नाही. गोठवणुकीची कल्पना चिलीची, अणुबंदीचा आग्रह अर्जेंटिनाचा, खाणबंदीची सुरुवात ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सची. मे २०२४ मध्ये या कराराच्या सभासदांची बैठक आपल्या कोचीत भरली होती. तेथे कॅनडा आणि बेलारूस यांना मताधिकार देण्यावर एकमत झाले नाही, कारण मोठ्यांचे भांडण आत शिरले होते. भारत या टेबलावर आहे, समुद्रतळाच्या संस्थेतही आहे, आणि चंद्रावर यान उतरवलेला आहे. आपल्या प्रतिनिधींनी तेथे काय भूमिका घेतली, निरीक्षणाचा अधिकार मागितला की नाही, क्रिलच्या मर्यादेवर काय मत दिले, हे प्रश्न आपण आपल्या खासदारांना विचारतो काय? युनियनच्या सभेत जो सभासद हिशेब विचारीत नाही त्याच्या नावावर पुढारी काहीही सही करून येतो. राष्ट्राचेही तसेच आहे.

करार मैत्रीने होतात असे मला अनुभवाने कधी दिसले नाही. आपल्यावाचून समोरच्याचे आणि समोरच्यावाचून आपले भागत नाही, हे दोन्ही बाजूंना कळते तेव्हा ते होतात; आणि वही उघडून पाहणारे डोळे असतात तोवर ते टिकतात. त्या डोळ्यांत आपले डोळे असावेत, एवढीच माझी विनंती आहे.